खरी गोष्ट वेळेत कळावी म्हणून : हाताखाली माणसे असणाऱ्यांसाठी एक सविस्तर मार्गदर्शक

सोलापुरातील बहुतेक कारखान्यांत आणि कार्यालयांत माणूस अधिकारपदावर पोहोचतो तो हातातील कामाच्या जोरावर. उत्तम माग चालवणारा पुढे जॉबर, म्हणजे मागांची जुळणी-दुरुस्ती पाहणारा, होतो आणि जॉबरचा सुपरवायझर होतो. ज्याचे कटिंग चुकत नाही त्याच्याकडे युनिफॉर्म शिलाईची अख्खी लाइन सोपवली जाते. ज्या कारकुनाच्या हिशेबात पैचा फरक पडत नाही त्याला शाखेचा कारभार दिला जातो. बढतीच्या दिवसापासून मात्र कामाचे स्वरूपच बदलते, आणि ते बदलल्याचे त्याला कोणी सांगत नाही. आतापर्यंत त्याला स्वतःच्या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी दुरुस्त करायच्या होत्या. आता दुसऱ्यांना दिसलेल्या गोष्टी आपल्यापर्यंत पोहोचतात की नाही, यावर त्याचे सगळे यश अवलंबून असते.

हा लेख दहा ते चाळीस माणसांचे काम पाहणाऱ्या अशा व्यक्तीसाठी आहे. नेतृत्वाबद्दल बोलताना धडाडी, दूरदृष्टी, वक्तृत्व असे बरेच गुण सांगितले जातात, आणि त्यांचे महत्त्व मी नाकारत नाही. तरीही रोजच्या कामात एक गोष्ट या सगळ्यांच्या आधी येते, असे माझे ठाम मत आहे. बिघडलेली गोष्ट तुम्हाला किती लवकर कळते आणि ती कळल्यावर तुम्ही कसे वागता, यावरच तुमचा विभाग कसा चालणार हे ठरते. पुढील सर्व पायऱ्या त्या एका दिशेने जाणाऱ्या आहेत.

एका टॉवेलचे वजन

समजा, ७० बाय १४० सेंटिमीटरच्या टेरी टॉवेलची ऑर्डर आहे आणि ग्राहकाने ४५० जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन) ठरवून दिले आहे. म्हणजे एका टॉवेलचे क्षेत्रफळ ०.९८ चौरस मीटर आणि वजन साधारण ४४१ ग्रॅम. टेरीच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम (मोठे रूळ) असतात, एक जमिनीच्या, म्हणजे कापडाच्या पायाच्या, ताण्याचा आणि दुसरा पाइलच्या, म्हणजे वरच्या फासांच्या, ताण्याचा. पाइलच्या बीमवरील ताण बिघडला की टॉवेलवरचे फास आखूड पडू लागतात आणि वजन उतरते. जीएसएम ४३० वर आला तर तोच टॉवेल ४२१ ग्रॅमचा होतो, म्हणजे नगामागे वीस ग्रॅमची तूट. रोज त्या कापडावरून हात फिरवणाऱ्या कामगाराला हा फरक पहिल्या तासाभरातच जाणवतो. घडी-पॅकिंगच्या विभागात तो कळायला दोन-तीन दिवस लागतात, आणि ग्राहकाकडे माल पोहोचल्यावर तो पत्राने किंवा कापलेल्या बिलाने कळतो. दोष तोच राहतो, पण प्रत्येक टप्प्यावर त्याची किंमत वाढत जाते.

मग पहिल्या तासात तो कामगार बोलत का नाही? त्याची कारणे बहुतेक ठिकाणी दोनच असतात. एक म्हणजे मागच्या वेळी तो सांगायला आला तेव्हा “तुझे लक्ष कुठे होते?” हा प्रश्न त्याला सर्वांसमोर ऐकावा लागलेला असतो. दुसरे कारण पैशाचे असते. मजुरी नगावर मिळत असेल, तर माग बंद राहिलेला प्रत्येक तास त्याच्या खिशातून जातो. पहिले कारण स्वभावाने आणि सवयीने दूर होते, दुसरे मात्र गोड बोलून दूर होत नाही. त्यासाठी मालकांशी बोलून नियमच बदलावा लागतो. ज्या अधिकाऱ्याला केवळ पहिलेच कारण दिसते तो कितीही सौजन्याने वागला तरी त्याच्या विभागात लोक गप्पच राहतात.

सुरुवात स्वतःच्या वेळापासून

पहिले दोन आठवडे कोणताही बदल जाहीर करू नये. एक साधी वही घ्यावी आणि दिवसातून तीन वेळा, म्हणजे सकाळच्या चहाला, जेवणाच्या सुट्टीत आणि निघताना, मधला वेळ कशात गेला ते दोन ओळींत लिहावे. दोन आठवड्यांनी त्या नोंदी पाहताना एकच प्रश्न विचारावा : यातील किती कामे अशी होती, जी मी केली नसती तर माझ्या हाताखालच्या कोणीतरी तितकीच चांगली केली असती? नव्याने बढती मिळालेल्या माणसाच्या वहीत अशी कामे पानोपानी सापडतात, कारण जुने काम हाताला सरावाचे असते आणि त्यात मन रमते. जॉबरचा सुपरवायझर झालेला माणूस बिघडलेला माग दिसताच स्वतः पाना हातात घेतो. माग सुरू होतो, पण नवा जॉबर शिकत नाही आणि बाकीच्या शेडकडे त्या वेळात कोणाचेच लक्ष नसते.

कामाच्या जागी उभे राहणे

टोयोटा कंपनीच्या उत्पादनपद्धतीला आकार देणारे ताइइची ओहनो हे नव्या अभियंत्यांना कारखान्याच्या जमिनीवर खडूने आखलेल्या वर्तुळात तासन्‌तास उभे करत आणि नंतर काय दिसले ते विचारत, हे प्रसिद्ध आहे. आपल्याकडे इतके ताणण्याची गरज नाही, परंतु रोज वीस मिनिटे एकाच जागी, कोणालाही सूचना न देता उभे राहणे ही गोष्ट मी प्रत्येकाला करायला सांगतो. फेरी मारणारा साहेब पाच ठिकाणी थोडे थोडे पाहतो आणि लोक त्याच्या येण्याची तयारी करून ठेवतात. एका जागी थांबणाऱ्याला मात्र कामगार कांडीसाठी किती वेळा उठतो, कोणता माग पुन्हा पुन्हा थांबतो आणि कोण कोणाची मदत मागतो हे दिसू लागते.

यासाठी पाळी बदलण्याची वेळ सर्वांत मोलाची आहे. जाणारा येणाऱ्याला जे दोन शब्द सांगतो त्यातच आदल्या आठ तासांचे खरे वृत्त असते, आणि ते ऐकायला तिथे सहसा कोणीही जबाबदार माणूस हजर नसतो. मागांच्या आवाजात बोलणे शक्य नसल्याने हे बोलणे दाराशी किंवा पाण्याच्या माठापाशी होते; तिथेच उभे राहावे.

आणखी एक वेळ म्हणजे एप्रिल-मे महिन्यांतील दुपार. बाहेर पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो, आणि सुती धागा कोरड्या हवेत लवकर तुटतो म्हणून शेडमध्ये दमटपणा राखलेला असतो. उष्णता आणि दमटपणा एकत्र आल्यावर माणसाच्या अंगाची काय अवस्था होते, हे दुपारी तीन वाजता तिथे अर्धा तास उभे राहिल्याशिवाय समजत नाही. त्यानंतर पिण्याच्या पाण्याची, पंख्यांची आणि विश्रांतीच्या वेळेची मागणी तुम्ही मालकांसमोर मांडाल, तेव्हा तुमच्या शब्दांना वजन असेल.

एकेकाशी बोलणे

दर महिन्याला प्रत्येकाशी वीस मिनिटे स्वतंत्रपणे बोलावे. चाळीस माणसे असतील तर रोज दोघे, एवढाच हिशेब आहे. केबिनमध्ये बोलावले की माणूस आपले काय चुकले याचाच विचार करत येतो, म्हणून चहाच्या टपरीवर किंवा आवारातील झाडाखाली बसणे बरे.

सोलापुरात हे बोलणे भाषेशीही जोडलेले आहे. एकाच शेडमध्ये घरी तेलुगू बोलणारे, कन्नड बोलणारे, उर्दू बोलणारे आणि मराठी बोलणारे लोक शेजारी शेजारी काम करतात. मराठी सर्वांना येते. तरी तक्रार, भीती आणि अपमान माणूस घरच्या भाषेत अधिक नेमका सांगतो. तुम्हाला ती भाषा येत नसेल तर चार वाक्ये शिकावीत, आणि नाजूक विषय असेल तर त्या व्यक्तीने स्वतः निवडलेला, तिच्या विश्वासातील सहकारी सोबत बसवावा. वयाचाही मान ठेवावा. तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या जॉबरला तुम्ही “अण्णा, जरा तुमचा सल्ला हवा होता” असे म्हणालात तर तुमचा अधिकार कमी होत नाही. त्याच माणसाला तुम्ही नावाने हाक मारून कामाला लावलेत तर तो काम करील, पण पुढच्या वेळी काही सुचवणार नाही.

प्रश्न छोटे आणि उत्तर देता येईल असे असावेत. “काही अडचण आहे का?” या प्रश्नाचे उत्तर नेहमी “नाही साहेब” असेच येते. त्याऐवजी “या आठवड्यात कोणत्या कामात सर्वांत जास्त वेळ वाया गेला?”, “मी एखादी गोष्ट बंद करावी असे वाटते का?”, “तुमच्या जागी नवा मुलगा आला तर त्याला आधी कशापासून सावध कराल?” असे विचारावे. मग थांबावे. समोरचा गप्प झाला की ती जागा आपल्या बोलण्याने भरण्याचा मोह होतो, तो आवरला की बहुधा त्यानंतरच कामाची गोष्ट निघते. जे ऐकले त्यातील एक तरी गोष्ट आठवड्याच्या आत करावी, आणि जी होणार नसेल ती का होणार नाही हे त्याला जाऊन सांगावे. ऐकून घेऊन काहीच न करणारा अधिकारी न ऐकणाऱ्यापेक्षा लोकांना अधिक निराश करतो.

वाईट बातमी घेण्याची रीत

सर्वांत अवघड आणि सर्वांत फलदायी पायरी ही आहे, म्हणून तिच्यावर अधिक लिहितो.

हार्वर्ड विद्यापीठातील संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील चमूंकडून औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. ज्या चमूंत एकमेकांशी संबंध चांगले आहेत तिथे चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या चमूंत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. पुढे उलगडा झाला तो असा, की तिथे चुका अधिक होत नव्हत्या. तिथे लोक त्या लपवत नव्हते. आपल्या विभागातून तक्रारी येत नाहीत म्हणून समाधानी असणाऱ्या प्रत्येकाने हा अभ्यास ध्यानात ठेवावा.

आता टॉवेलच्या उदाहरणाकडे पाहू. कामगार येऊन म्हणतो, “साहेब, आठ नंबरच्या मागावर पाइल कमी यायलीय.” पुढच्या दहा सेकंदांत तुमच्या तोंडून जे निघेल त्यावर तो पुढील वर्षभर बोलणार की नाही हे ठरते. पहिले वाक्य असे असावे : “बरे झाले लगेच सांगितलेत. चला, बघू.” दुसरी गोष्ट म्हणजे खरोखर जाऊन पाहणे, टॉवेल उतरवून काट्यावर ठेवणे. तिसरा प्रश्न “हे कधीपासून दिसते आहे?” असा असावा, “आधी का नाही सांगितले?” असा नसावा. दोन्ही प्रश्नांतून माहिती तीच मिळते, परंतु दुसऱ्या प्रश्नात आरोप आहे आणि त्याला येणारे उत्तर बचावाचेच असणार. दोष सापडल्यावर, उतरलेला माल किती वेगळा काढायचा हे त्याच्याशीच बोलून ठरवावे, आणि संध्याकाळी जाताना काय झाले ते त्याला सांगावे. हे शेवटचे बहुतेक जण विसरतात. बातमी देणाऱ्याला तिचे पुढे काय झाले ते कळले नाही, तर पुढच्या वेळी तो कशासाठी येईल?

याचा अर्थ चुकीला मोकळीक द्यायची असा नाही. नजरचुकीने झालेली चूक, पद्धतच सदोष असल्यामुळे होणारी चूक आणि ठाऊक असूनही केलेला निष्काळजीपणा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत मदत करावी, दुसरीत पद्धत बदलावी, तिसरीत कारवाई करावी. परंतु स्वतःहून सांगायला आलेल्या माणसाला लपवणाऱ्याच्या रांगेत कधीही उभे करू नये.

थांबवण्याचा अधिकार

टोयोटाचे मूळ मोटारीत नसून मागात आहे, हे सोलापूरकरांना विशेष जवळचे वाटावे. टोयोटा मोटार कंपनीच्या संस्थापकाचे वडील साकिची टोयोडा यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारा माग घडवला. त्यांचा १९२४ चा स्वयंचलित माग जगभर नावाजला गेला, आणि १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडमधील प्लॅट ब्रदर्स या कंपनीने घेतले. माग स्वतःच थांबतो म्हटल्यावर खराब कापड पुढे विणले जात नाही आणि एका माणसाला अनेक माग पाहता येतात. तोच विचार पुढे मोटारींच्या कारखान्यात माणसांना लागू झाला : दोष दिसताच लाइनवरच्या कोणत्याही कामगाराने दोरी ओढून मदत मागावी, आणि वेळेत दुरुस्ती झाली नाही तर लाइन थांबावी.

आपल्या विभागात हे करायचे तर प्रथम कोणत्या तीन-चार कारणांसाठी कोणीही, न विचारता, काम थांबवू शकतो ते ठरवून भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावे : वजन ठरलेल्या मर्यादेबाहेर जाणे, रंगाची छटा नमुन्याशी न जुळणे, यंत्राचे संरक्षक झाकण निघालेले असणे, कोणाच्याही अंगाला धोका असणे. त्यानंतर मजुरीचा प्रश्न सोडवावा. योग्य कारणासाठी माग थांबवला असेल तर त्या वेळेची सरासरी मजुरी मिळेल, हे मालकांकडून लेखी घ्यावे. मालक आधी नकार देतील. त्यांच्यासमोर परत आलेल्या एका मालाचा खर्च आणि माग थांबण्याच्या एका तासाचा खर्च शेजारी शेजारी लिहून ठेवावा. या बाबतीत युक्तिवादापेक्षा कागदावरचे दोन आकडे अधिक काम करतात.

निर्णय घेताना

बैठकीत सर्वांत वरिष्ठाने शेवटी बोलावे. तुम्ही आधी मत दिलेत की बाकीचे त्या मतालाच टेकू शोधतात. सर्वांत कनिष्ठापासून सुरुवात करावी, आणि जो गप्प आहे त्याला नाव घेऊन, मानाने विचारावे.

मोठे काम हाती घेण्यापूर्वी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी सुचवलेली एक रीत वापरून पाहावी. सर्वांना सांगावे, “सहा महिने उलटले आहेत आणि हे काम पूर्ण फसले आहे असे धरून चला, आता ते का फसले ते लिहा.” काम फसेल का, असे विचारले तर लोक संकोचतात, फसले आहे असे धरून चालायला सांगितले की मोकळेपणाने लिहितात. आपल्याकडे या विचाराचे फार जुने आणि सुंदर उदाहरण आहे. चिपळूण भागात छावणीला असलेल्या आपल्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी लिहिलेल्या पत्रात पुढच्या सगळ्या घटना साखळीसारख्या मांडल्या आहेत. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आताच उधळला तर पुढे घोडी उपाशी मरतील, मग शिपाई कुणब्यांच्या घरून धान्य आणि गवत उचलू लागतील, आणि रयतेला आपण शत्रूपेक्षा वाईट वाटू. रात्री दिवा तसाच ठेवून झोपलात तर उंदीर जळती वात नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, इथपर्यंत त्यांनी विचार केला आहे. एका राजाने उंदराने नेलेल्या वातीपर्यंत विचार करावा आणि तो आपल्या माणसांना कारणांसहित समजावून सांगावा, यातच विचारी नेतृत्व म्हणजे काय ते दिसते.

निर्णय झाला की वहीत तारीख, निर्णय, कारण आणि अपेक्षित परिणाम अशा चार ओळी लिहाव्यात आणि नऊ-दहा महिन्यांनी त्या पुन्हा वाचाव्यात. व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक पीटर ड्रकर हे स्वतः ही सवय पाळत आणि इतरांनाही सुचवत. आपला अंदाज कोणत्या बाबतीत नेहमी चुकतो, माणसांच्या, वेळेच्या की पैशांच्या, हे त्याशिवाय कळत नाही.

काम सोपवणे आणि बोलून दाखवणे

काम सोपवताना अधिकार किती दिला ते स्पष्ट सांगावे. “पाहून ये आणि मला सांग”, “उपाय सुचव, ठरवू दोघे मिळून”, “कर आणि मग कळव”, “हे आता तुझेच” अशा चार पातळ्या पुरेशा आहेत. पातळी न सांगता काम दिले की एकजण प्रत्येक गोष्ट विचारायला येतो आणि दुसरा न विचारता ऑर्डर देऊन मोकळा होतो. दोघांवरही आपण चिडतो.

चूक दाखवायची ती त्याच दिवशी, एकांतात आणि कामाबद्दल. “तू बेफिकीर आहेस” असे म्हणू नये, “आज तीन बॉक्सवर लेबल उलटे लागले, त्यामुळे गाडी दोन तास थांबली, उद्यापासून हे कसे टाळायचे?” असे म्हणावे. कौतुकही याच रीतीने नेमके करावे, आणि ते चारचौघांत केले तर उत्तमच.

रजा, उचल आणि न्याय

लोक तुमच्या भाषणांवरून तुम्हाला जोखत नाहीत. रजा कोणाला मिळाली आणि उचल कोणाला नाकारली यावरून जोखतात. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, आषाढीला पंढरपूर, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव, रमजान ईद, त्यात लग्नसराई. कोणत्या आठवड्यात कोण मागणार हे आधीच ठाऊक असते. वर्षाच्या सुरुवातीला तक्ता लावून रजांची आळीपाळी सर्वांसमोर ठरवावी. उचलीसाठीही एकच नियम ठेवावा, आणि आपल्या नात्यातल्या किंवा गावातल्या माणसाला तो अधिक काटेकोरपणे लावावा.

एका बाबतीत मात्र स्वतःच्या शहाणपणावर विसंबू नये. एखाद्या स्त्री कर्मचाऱ्याने लैंगिक छळाची तक्रार केली तर ती “आपसात मिटवण्याचा” प्रयत्न करणे चूक आहे. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करावयाची असते. समिती आहे का, तिच्या सदस्यांची नावे लावलेली आहेत का, हे आजच पाहावे. शिलाई आणि पॅकिंगच्या विभागांत बहुसंख्य स्त्रिया असूनही अनेकींना अशी समिती असते हेच माहीत नसते, आणि ही जबाबदारी अधिकाऱ्याची आहे.

सहा महिन्यांनी

आपण सुधारलो की नाही हे स्वतःच्या मनाला विचारून कळत नाही. सुरुवातीपासून एका पानावर दोन रकाने आखावेत. पहिल्यात कोणीतरी आपणहून येऊन सांगितलेल्या अडचणी लिहाव्यात आणि दुसऱ्यात तपासणीत, ग्राहकाकडून किंवा मालकांकडून कळलेल्या अडचणी. आरंभी दुसरा रकाना लांब असेल. वरील पायऱ्या नेटाने पाळल्या तर काही महिन्यांनी पहिला वाढू लागतो, आणि तेव्हा एकूण अडचणी वाढल्यासारखे वाटून मालक नाराज होण्याची शक्यता असते. म्हणून हे असे होणार, याची कल्पना त्यांना पहिल्याच महिन्यात देऊन ठेवावी. सहा महिन्यांनी पान काढून पाहताना पहिल्या रकान्यात कोणत्या पाळीतून किंवा कोणत्या यंत्रांवरून एकही नोंद नाही ते शोधावे. तिथे सगळे सुरळीत असण्यापेक्षा तिथले लोक अजून बोलत नसण्याची शक्यता जास्त आहे, तेव्हा पुढचा महिनाभर पाळी बदलताना रोज तिथेच उभे राहावे आणि एकेकाशी बोलण्याची सुरुवात त्याच लोकांपासून करावी.